यंत्राची मायबोली बदलते तेव्हां

ज्या घरांत चार पिढ्यांचीं कागदपत्रें सांभाळून ठेविलेलीं असतात, त्या घरांत मोडी लिपींतील एखादें दप्तर बहुधा असतेंच. माळ्यावरील ट्रंकेंत, लाल फडक्यांत गुंडाळलेलें हें दप्तर दर वर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत खालीं येतें, झटकलें जातें, आणि ‘काय आहे तें कळत नाहीं, पण टाकूं नका हो’ असें कोणी तरी वडील माणूस म्हणतें म्हणून पुन्हां जागच्या जागीं जाऊन बसतें. कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते. नसतो तो फक्त वाचणारा डोळा. कागद जळाला तर घरचीं माणसें हळहळतात. वाचणारा गेला याची हळहळ मात्र कोणास वाटत नाहीं, कारण तें नुकसान डोळ्यांना दिसत नाहीं.

ह्या दप्तराची आठवण होण्याचें कारण अगदीं आजचें आहे. गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे एकाच आशयाचीं पत्रें येत आहेत. ‘टेबलावरचा संगणक आतां थकला, नवा घ्यावयाचा आहे. दुकानदार सांगतो कीं, नव्या संगणकांत निराळ्या जातीचा प्रोसेसर येतो. तो वीज थोडी खातो, तापत नाहीं, पंख्याची घरघर नाहीं, आणि कामाला वाघ आहे. घ्यावा कीं न घ्यावा?’ प्रश्न साधा दिसतो, आणि दुकानदार खोटें बोलत नाहीं. तरी ‘निराळ्या जातीचा’ ह्या दोन शब्दांत काय काय भरलेलें आहे, हें घरांतील कर्त्या मंडळींनीं पैसे मोजण्यापूर्वीं समजून घ्यावें, एवढ्यासाठीं हा महिन्याचा लेख आहे. आम्हांस तें समजलें तें पैसे मोजून झाल्यावर. ती हकीकतहि पुढें येईलच.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असें शाळेच्या पुस्तकांत सांगतात. हा मेंदू मोठा चपळ, परंतु त्याचा शब्दसंग्रह अगदीं तुटपुंजा. ‘ह्या खणांतील आंकडा उचल’, ‘त्यांत तो मिळव’, ‘बेरीज पलीकडच्या खणांत ठेव’, ‘दोन्ही आंकडे सारखे असतील तर अमुक ठिकाणीं जा’ असल्या ठराविक आज्ञा त्यास कळतात. आणि चित्रपट दाखविण्यापासून पंचांगाचें गणित करण्यापर्यंत सर्व कामें तो ह्याच आज्ञांच्या भरधांव माळेनें उरकतो. प्रत्येक आज्ञेस एक आंकडा नेमून दिलेला असतो. कोणत्या आंकड्याचा अर्थ कोणता, ह्या नेमणुकीस त्या प्रोसेसराची भाषा म्हणावें. एका घराण्याचे प्रोसेसर एक भाषा बोलतात. दुसऱ्या घराण्याची भाषा त्यांना मुळींच कळत नाहीं.

घरोघरच्या संगणकांत आजवर जी भाषा नांदली, ती इंटेल कंपनीच्या १९७८ सालच्या ८०८६ ह्या चिपेपासून चालत आलेली आहे. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या संगणकासाठीं तिचेंच भावंड ८०८८ निवडलें, आणि पुढें २८६, ३८६, ४८६ असे वंशज होत गेल्यामुळें ह्या घराण्यास एक्स-८६ हें नांव पडलें. दुसरें घराणें आर्मचें. आपल्या हातांतील मोबाइल फोनांत बहुधा तेंच नांदत असतें. एक्स-८६ ची आज्ञा एका बाइटाची असेल, नाहीं तर पंधरा बाइटांपर्यंत लांबेल. आर्मच्या आजच्या चौसष्ट बिटांच्या भाषेंत प्रत्येक आज्ञा नेमकी चार बाइटांची. पहिली जुन्या बखरीसारखी, कोठें आंखूड तर कोठें अघळपघळ. दुसरी अनुष्टुभ छंदासारखी मोजून मापून. मोजून मापून आलेली आज्ञा उलगडावयास श्रम कमी पडतात, हा एक लाभ तिच्या पदरीं आहे.

आतां प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य कांहीं ही आंकड्यांची भाषा लिहीत बसत नाहीं. तो माणसास वाचतां येईल अशा भाषेंत मूळ संहिता लिहितो, आणि कंपायलर नांवाचा भाषांतरकार तिचें अमुक एका घराण्याच्या भाषेंत भाषांतर करून देतो. आपण पैसे देऊन घरीं आणतों तें हें भाषांतर. मूळ संहिता बहुधा कंपनीच्या तिजोरींत राहते. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढचें सर्व रामायण हिच्यांतूनच उद्भवतें. संहिता ज्याच्या हातीं आहे, तो ती नव्या भाषेंत पुन्हां उतरवूं शकतो. ज्याच्या हातीं केवळ भाषांतर आहे, त्यानें प्रोसेसर बदलल्यावर एक तर कंपनीच्या दाराशीं जाऊन उभें राहावें, नाहीं तर दुभाषा शोधावा.

आर्म घराण्याची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. हें घराणें खिशांतल्या फोनासाठीं जन्मास आलें, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. इंग्लंडांत केंब्रिज येथें एकॉर्न नांवाची एक कंपनी होती, आणि तिचा बी. बी. सी. मायक्रो हा संगणक तिकडील शाळांतील मुलांच्या चांगल्या परिचयाचा झाला होता. त्याचा ६५०२ हा प्रोसेसर अपुरा पडूं लागला आणि बाजारांतील तयार प्रोसेसर मनास येईनात. तेव्हां सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ह्या दोघांनीं स्वतःच नवा प्रोसेसर रचण्याचें मनावर घेतलें. २६ एप्रिल १९८५ रोजीं पहिली चिप हातीं आली, आणि त्याच दिवशीं ती चालूं लागली. तींत ट्रान्झिस्टर होते सुमारें २५,०००. चिप स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनांत बसवावयाची, तर ती तापतां कामा नये, ह्या काटकसरीच्या हेतूनें त्यांनीं विजेचा खर्च बेतानें ठेविला होता. फर्बर यांनीं सांगितलेली हकीकत अशी कीं, ती किती वीज घेते हें मोजावयास गेले असतां मापक शून्यच दाखवूं लागलें; पाहतात तों विजेची मुख्य तार जोडलेलीच नाहीं, आणि चिप आपली इतर जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवर सुखेनैव काम करीत आहे!

१९८७ सालीं हा प्रोसेसर एकॉर्नच्या आर्किमिडीज ह्या संगणकांत बसून टेबलावर आला, परंतु आय. बी. एम. च्या वळणाच्या संगणकांनीं बाजार असा व्यापून टाकिला होता कीं, तेथें त्याचें बस्तान बसलें नाहीं. १९९० सालीं एकॉर्न, ॲपल आणि व्ही. एल. एस. आय. टेक्नॉलॉजी ह्या तिघांनीं मिळून आर्मची स्वतंत्र कंपनी स्थापिली. पुढें मोबाइल फोनांचे दिवस आले. त्यांना चिमुकल्या बॅटरीवर दिवसभर राबणारा प्रोसेसर हवा होता, आणि काटकसरींत वाढलेलें हें घराणें तेथें भरभराटलें. आज तेंच पुन्हां टेबलावर येत आहे. माहेरीं जिचें कौतुक झालें नाहीं अशा मुलीनें सासरीं नांव काढावें आणि मग माहेरच्यांनीं तिला आग्रहानें बोलवावें, तशांतलाच हा प्रकार आहे.

घराणें बदलण्याचा संकल्प करून तो तडीस नेण्याचें उदाहरण पाहावयाचें, तर तें ॲपल कंपनीचें पाहावें. ह्या कंपनीनें आपल्या मॅकिंटॉश संगणकाची भाषा एकदां नव्हे, तीनदां बदलली. १९८४ सालचा पहिला मॅकिंटॉश मोटोरोला कंपनीच्या ६८००० ह्या प्रोसेसरावर चाले. १९९१ सालीं ॲपल, आय. बी. एम. व मोटोरोला ह्यांनीं हातमिळवणी केली, आणि १९९४ च्या मार्चमध्यें पॉवरपीसी नांवाच्या नव्या प्रोसेसराचे पहिले मॅक बाजारांत आले. पुढें ह्या प्रोसेसराचा वेग अपेक्षेप्रमाणें वाढेना. २००३ सालीं स्टीव्ह जॉब्झ यांनीं वर्षभरांत तीन गिगाहर्ट्झचा वेग गांठण्याचें वचन दिलें, तें पुरें झालें नाहीं. आणि त्याची अव्वल आवृत्ति इतकी तापे कीं, मांडीवरच्या संगणकांत ती घालतांच येईना. २००५ च्या जूनमध्यें जॉब्झ यांनीं इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. २००६ च्या जानेवारींत पहिले इंटेल मॅक आले आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टपर्यंत सगळी पलटण बदलून झाली. पंधरा वर्षांनीं, थोड्या विजेंत पुष्कळ काम हवें ह्याच कारणास्तव, इंटेलचाहि निरोप घेण्याची वेळ आली. जून २०२० मध्यें घोषणा झाली आणि नोव्हेंबरांत आर्मची भाषा बोलणारी, ॲपलनें स्वतः आंखलेली एम-१ ही चिप आली. तींत ट्रान्झिस्टर होते १,६०० कोटि, आणि ती बसविलेल्या मॅकबुक एअरमध्यें पंखाच नव्हता. जून २०२३ मध्यें मॅक प्रो हा मागें राहिलेला संगणकहि नव्या घराण्यांत आला आणि तिसरें स्थलांतर पुरें झालें.

ह्यांत घरगृहस्थीस शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. २००५ सालीं जॉब्झ यांनीं सभेंत सांगितलें कीं, मॅकची कार्यप्रणाली गेलीं पांच वर्षें गुपचूप इंटेलच्या भाषेंतहि उतरवून ठेविली जात होती. गरज पडेल कीं नाहीं हें ठाऊक नसतांना केलेली ती तरतूद होती. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं लांकूडफांटा भरून ठेवीत, त्यांतलेंच हें शहाणपण.

आतां प्रश्न जुन्या प्रोग्रॅमांचा. त्यांच्यासाठीं प्रत्येक स्थलांतरांत ॲपलनें दुभाषा दिला. दुभाषे दोन प्रकारचे असतात. एक, वाक्य ऐकावें आणि लागलेंच दुसऱ्या भाषेंत सांगावें, असा. १९९४ सालचा दुभाषा प्रथम ह्या प्रकारचा होता, आणि त्याच्या हातून जुनीं कामें सावकाशच होत. दुसरा, सगळा ग्रंथ आधींच भाषांतरून ठेवणारा. २०२० सालचा रोझेटा-२ हा प्रोग्रॅम शक्य तेवढें भाषांतर आधींच करून ठेवतो, आणि उरलेलें आयत्या वेळीं करतो. शिवाय, स्मृतींतील नोंदी एकमेकींच्या मागें कोणत्या क्रमानें दिसाव्या, ह्याविषयीं दोन्ही घराण्यांचे नियम निराळे आहेत. ॲपलनें आपल्या चिपेंतच जुन्या घराण्याचा कडक क्रम पाळण्याची सोय करून ठेविली, त्यामुळें दुभाष्याचें ओझें पुष्कळ हलकें झालें. रोझेटा हें नांव मिसर देशांत १७९९ सालीं सांपडलेल्या प्रसिद्ध शिळेवरून घेतलेलें आहे. त्या शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला आहे, आणि तिच्याच आधारानें शांपोल्यों ह्या फ्रेंच पंडितानें १८२२ सालीं मिसरी चित्रलिपीचा उलगडा केला.

परंतु दुभाष्याची नोकरी कायमची नसते. पहिला रोझेटा २००६ सालीं आला आणि २०११ सालच्या आवृत्तींतून त्यास काढून टाकण्यांत आलें. पांच वर्षें ज्यांनीं ‘चालतें आहे तें चालूं द्या’ म्हणून काढलीं, त्यांचे प्रोग्रॅम नवी आवृत्ति घेतांच मुके झाले. दुसऱ्याची मुदतहि कंपनीनें जून २०२५ मध्यें सांगून टाकिली: मॅक ओएस २६ ही इंटेल मॅकांवर चालणारी शेवटची आवृत्ति, आणि २७ व्या आवृत्तीपर्यंत दुभाषा पुरतेपणीं मिळेल, त्यानंतर तो राहील तो कांहीं जुन्या खेळांपुरता. दुभाषा ही सवड आहे, सोडवणूक नव्हे, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

दुभाषा न देतां घराणें बदलावयास गेलें म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१२ सालीं आर्मवर चालणारी विंडोज आर. टी. काढली. रूप विंडोजचें, पण विंडोजचे जुने प्रोग्रॅम तीवर चालत ना. गिऱ्हाइकांनीं पाठ फिरविली, आणि २०१३ च्या जुलैंत शिल्लक मालापोटीं कंपनीस ९० कोटि डॉलरांची घट हिशेबांत दाखवावी लागली. पुढें कंपनी शहाणी झाली: २०१७ सालीं आर्म संगणकांवर बत्तीस बिटांच्या जुन्या प्रोग्रॅमांसाठीं दुभाषा आला, २०२१ सालीं विंडोज ११ मध्यें चौसष्ट बिटांसाठींहि आला, आणि २०२४ सालीं प्रिझम ह्या नांवानें त्याची सुधारलेली आवृत्ति आली. इंटेलवरहि हीच पाळी आली होती. २००१ सालीं तिनें इटॅनियम नांवाचें सर्वस्वीं नवें घराणें स्थापिलें. २००३ सालीं ए. एम. डी. ह्या प्रतिस्पर्धी कंपनीनें जुन्याच एक्स-८६ भाषेस चौसष्ट बिटांचा मजला चढविला. लोकांनीं मजला पसंत केला. इंटेलनेंहि अखेर तोच स्वीकारला, आणि इटॅनियमचा शेवटचा माल २०२१ सालीं रवाना झाला. लोक नव्यास नको म्हणत नाहींत. पण जुनें दप्तर ज्याला वाचतां येतें, त्यालाच ते घरांत घेतात.

आतां आमची हकीकत. आमचे कै. काका हे घराण्याच्या कुलवृत्तान्ताचे संपादक होते. पहिली आवृत्ति छापली गेली ती त्या वेळच्या रीतीची. मुलीच्या नांवापुढें ‘अमुक गांवीं अमुक घराण्यांत दिली’ एवढी एक ओळ, आणि तेथें ती शाखा खुंटलेली. ही गोष्ट काकांच्या मनाला लागून राहिली होती. सेवानिवृत्तीनंतर बारा वर्षें त्यांनीं सासरीं गेलेल्या मुलींचा शोध घेतला. त्यांचें शिक्षण, त्यांच्या नोकऱ्या, त्यांचीं मुलेंबाळें, ह्यांविषयीं इंदूर, ग्वाल्हेर, बडोदें, बेळगांव असे चहूंकडे पत्रव्यवहार केला. सातव्या महिन्यांत वैधव्य येऊन पुढें परिचारिका झालेल्या एका आत्याबाईंची हकीकत त्यांनीं त्यांच्या उशाशीं बसून लिहून घेतली. जमलेली माहिती ते रोज सकाळीं पूजा आटोपल्यावर दोन तास स्वतः संगणकावर टंकीत. त्या वृद्ध स्त्रियांपैकीं बहुतेक आज हयात नाहींत; मूळ पत्रें घर बदलतांना गेलीं. माहिती उरली ती केवळ एका फाइलींत.

ती फाइल मराठी टंकण्याच्या एका जुन्या प्रोग्रॅमांत केलेली होती. त्या प्रोग्रॅमास एक लहानसें कुलूप असे. संगणकाच्या पाठीशीं तें खोंचलें तरच प्रोग्रॅम उघडे. जुना संगणक कुरकुरूं लागला म्हणून गेल्या वर्षीं आम्हीं नव्या घराण्याच्या प्रोसेसराचा विंडोज संगणक आणला. दुकानदारास स्पष्ट विचारलें, ‘जुनें सगळें चालेल ना?’ तो म्हणाला, ‘एकूण एक चालेल, साहेब. आंत भाषांतराची सोय आहे.’ आणि खरोखरच बहुतेक सगळें चाललें. काकांचा प्रोग्रॅमहि उघडला, ‘कुलूप सांपडत नाहीं’ एवढें बोलला, आणि मिटला.

ह्याचें कारण असें. दुभाष्याची गति दिवाणखान्यापुरती असते. माजघरांत त्यास प्रवेश नाहीं. प्रिंटर, स्कॅनर, कुलूप असल्या वस्तूंशीं बोलणारे जे ड्रायव्हर नांवाचे प्रोग्रॅम, ते कार्यप्रणालीच्या गाभ्यांत बसतात, आणि ते नव्या प्रोसेसराच्या मायबोलींतच लिहिलेले असावे लागतात. आमच्या कुलुपाचा ड्रायव्हर त्या मायबोलींत कोणी उतरविलाच नव्हता. विकणाऱ्यांकडे चौकशी केली. ‘ती आवृत्ति आम्हीं केव्हांच बंद केली’ असें उत्तर आलें. मग तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमांत उघडून पाहिली, तों मराठीचें एक अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरें, कंस, टक्क्यांचीं आणि डॉलरचीं चिन्हें ह्यांची नुसती रास. बारा वर्षांच्या श्रमांची ती रास पाहून आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं, हें येथें लपवीत नाहीं.

शांतपणें विचार केल्यावर कळलें कीं, दोष प्रोसेसराचा नव्हता; त्यानें फक्त झांकण उघडलें. खरा दोष असा कीं, त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या आंकड्यावर मराठी अक्षराचें चित्र चढविलेलें असे. फॉन्ट आहे तोंवर मराठी. फॉन्ट गेला कीं इंग्रजीचा कचरा. वास्तविक भारतीय लिप्यांसाठीं इस्की हा सरकारी संकेत १९९१ सालीं ठरला होता, आणि त्याच वर्षीं युनिकोड ह्या जागतिक संकेताच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें होतें. युनिकोडांत ‘क’ ह्या अक्षराचा आंकडा २३२५. तो इंटेलवर तोच, आर्मवर तोच, आणि उद्यां तिसरें घराणें आलें तरी तोच. काकांना हें कोणीं सांगितलें नाहीं. त्यांनीं दुकानांत मिळालें तें घेतलें.

सुदैवानें जुना संगणक भंगारांत गेला नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनीं ‘दिवाळीनंतर पाहूं’ म्हणून तो माळ्यावर, त्या मोडीच्या ट्रंकेशेजारींच ठेवविला होता. तो खालीं उतरविला, दोन दिवस आर्जवें केल्यावर सुरू झाला, आणि सर्व नोंदी प्रथम कागदावर छापून घेतल्या. नंतर काकांच्या नातीनें, म्हणजे आमच्या पुतणीनें, जुन्या फॉन्टाचीं चिन्हें आणि युनिकोडचे आंकडे ह्यांचें एक कोष्टक बांधलें व सगळा मजकूर त्यांतून गाळून काढला. तरी अडचणी आल्याच. जुन्या रीतींत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं टंकीत, युनिकोडांत ती नंतर येते. रफाराचें नेमकें उलट. त्यामुळें पहिल्या खेपेस घरांतील एकूण एक ‘वर्षा’ ‘वषार्’ झाल्या. मग सहा आठवडे रोज रात्रीं काकूंनीं कागदावरून मोठ्यानें वाचावें आणि आम्हीं पडद्यावर ताडून पाहावें, असा क्रम चालला. परिचारिका झालेल्या आत्याबाईंची नोंद आली तेव्हां काकूंनीं चष्मा पुसला, ती पुन्हां एकदां पहिल्यापासून वाचली, आणि मगच पुढचें पान उलटलें.

संहिता ज्याच्या हातीं, त्याची यंत्रें कितीहि बदलोत, असें आम्ही वर म्हटलें. त्याचें उदाहरण पुण्यांतच आहे. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक उभारला, तो ट्रान्सप्यूटर नांवाच्या प्रोसेसरांवर. १९९८ सालचा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर. २००८ सालचा परम युवा इंटेलच्या प्रोसेसरांवर. प्रत्येक वेळीं घराणें निराळें. शास्त्रीय गणिताचे प्रोग्रॅम संहितेच्या रूपानें हाताशीं असले म्हणजे ते नव्या यंत्रासाठीं पुन्हां उतरवितां येतात. श्रम पडतात, परंतु विद्या अडून राहत नाहीं. घरच्या माणसाजवळ प्रोग्रॅमाची संहिता नसते हें खरें. पण त्यानें स्वतः लिहिलेला मजकूर ही त्याची संहिता आहे, आणि ती कोणत्या रूपांत ठेवावी हें सर्वस्वीं त्याच्या हातीं आहे.

तेव्हां पत्रलेखकांस आमचें उत्तर असें: नवा संगणक घ्यावा. पत्रव्यवहार, बँकेचीं कामें, मुलांचा अभ्यास, गाणीं आणि चित्रपट एवढ्यापुरताच ज्यांचा उपयोग आहे, त्यांनीं तर निःशंक घ्यावा. विजेचा खर्च आणि उकाडा दोन्ही कमी होतील. मात्र घेण्यापूर्वीं एका कागदावर घरांतील प्रोग्रॅमांची यादी करावी, आणि प्रत्येक प्रोग्रॅमाची नव्या मायबोलींतील आवृत्ति आहे काय, हें दुकानदारास न विचारतां तो प्रोग्रॅम करणाऱ्यांनाच विचारावें. त्याखालीं जोडावयाच्या वस्तूंची दुसरी यादी करावी: प्रिंटर, स्कॅनर, आणि चिरंजीव सनदी लेखापाल असतील तर त्यांची डिजिटल सहीची किल्ली. ह्या दुसऱ्या यादींतच बहुधा काटा सलतो. जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर जुना संगणक चालता बोलता आहे तोंवरच युनिकोडांत आणून घ्यावा. आणि नवा घरांत आला म्हणून जुन्यास त्याच दिवशीं निरोप देऊं नये. निदान सहा महिने दोघांस शेजारीं शेजारीं नांदूं द्यावें. १९५७ सालीं नवे पैसे आले तेव्हां आणे कांहीं एका रात्रींत गेले नाहींत. दोन्हीं नाणीं कांहीं वर्षें एकाच बटव्यांत होतीं, आणि म्हणूनच कोणाचा हिशेब बुडाला नाहीं.

कुलवृत्तान्ताची दुसरी आवृत्ति आतां छापखान्यांत आहे. तींत मुलींच्या नांवांपुढची ओळ पहिल्या ओळीशींच थांबत नाहीं. काम संपलें त्या दिवशीं पुतणीनें माळ्यावरची ट्रंक स्वतः होऊन खालीं काढली, लाल फडकें सोडलें आणि बराच वेळ तीं वळणदार अक्षरें पाहत बसली. ‘ह्याचा दुभाषा कोण?’ असें तिनें विचारलें. आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुढच्या शनिवारपासून तिनें मोडीच्या वर्गांत नांव घातलें आहे.